डोनावूरची अम्मा

मुंबई-पुण्याकडून बंगळूरला जाऊन पुढे देवनहळ्ळीच्या विमानतळाचा रस्ता ज्यांनी धरला असेल, त्या वाचकांना हेब्बाळ हे नाव परिचयाचे असेल. उड्डाणपूल, वाहनांची न संपणारी रांग, एका बाजूस जुने तळे आणि जवळच १९७३ साली अमेरिकेतील बॅप्टिस्ट मिशनने सुरू केलेले रुग्णालय. १९८९ पासून या रुग्णालयाचा कारभार वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजकडे आला. परदेशातून आलेल्या सेवकांनी पाया घालावा आणि पुढे ते काम येथल्या ख्रिस्ती लोकांनी चालवावे, ही आपल्या देशातील मिशनकार्याची जुनी रीत. हेब्बाळ हे केवळ शहराबाहेरचे तळ्याकाठचे खेडे होते, त्या काळात, १८९५ च्या अखेरीस, याच बंगळुरात एक आयरिश तरुणी अंगात ताप घेऊन उतरली. तिचे नाव एमी कारमायकेल. बंगळुरात त्यांनी एकही वीट रचली नाही. त्यांनी जे उभारले ते तेथून शेकडो मैल दक्षिणेस, तिरुनेलवेली जिल्ह्यातील डोनावूर या गावी. परंतु भारतातील त्यांच्या सेवेचा आरंभ बंगळुरात झाला, आणि आपल्याला कोणत्या प्रकारचे मिशनरी व्हावयाचे नाही, हेही त्यांना तेथेच उमगले.

एमीबाईंचा जन्म १६ डिसेंबर १८६७ रोजी आयर्लंडच्या उत्तर भागातील मिलाइल या समुद्रकाठच्या गावी झाला. घरची पिठाची गिरणी होती. सात भावंडांत त्या थोरल्या. डोळ्यांचा रंग निळा व्हावा म्हणून लहानपणी केलेल्या त्यांच्या प्रार्थनेची गोष्ट रविवारच्या शाळेत आपण सर्वांनी ऐकली आहे, ती येथे पुन्हा सांगत नाही. पुढे कुटुंब बेलफास्ट शहरात राहावयास गेले, आणि १८८५ साली वडील वारले. आर्थिक ओढग्रस्तीचे दिवस आले. याच काळात गिरण्यांत काम करणाऱ्या मुलींकडे एमीबाईंचे लक्ष गेले. या मुली टोपी विकत घेऊ शकत नसत, म्हणून डोक्यावरून शाल घेत, आणि त्यामुळे प्रतिष्ठित मंडळींना त्या चर्चमध्ये नकोशा वाटत. एमीबाई त्यांची उपासना भरवू लागल्या. मुलींची संख्या इतकी वाढली की जागा पुरेना.

तेव्हा त्यांनी आयुष्यातील पहिले बांधकाम हाती घेतले. एका ख्रिस्ती मासिकात त्यांनी जाहिरात पाहिली होती की, पाचशे माणसे बसतील असे लोखंडी पत्र्याचे सभागृह पाचशे पौंडांत उभे करून मिळते. वय वीस-एकवीस, हाती पैसा नाही. त्यांनी कोणापुढे वर्गणीची वही धरली नाही, केवळ प्रार्थना केली. एका बाईंनी आपणहून रक्कम दिली. जागेसाठी त्या एका गिरणीमालकाकडे गेल्या, तेव्हा त्याने फार थोड्या मोबदल्यात जमीन दिली. २ जानेवारी १८८९ रोजी ते सभागृह उघडले. पुढे डोनावूरला जे जे बांधले गेले, त्या सर्वांची पद्धत या पत्र्याच्या सभागृहातच ठरून गेली होती. गरज डोळ्यांपुढे उभी राहिल्याशिवाय बांधावयाचे नाही, पैसे हाती आल्याशिवाय काम सुरू करावयाचे नाही, कर्ज काढावयाचे नाही आणि माणसांपुढे हात पसरावयाचे नाहीत.

मधली काही वर्षे लवकर सांगून पुढे जातो. केझिक सभेच्या संस्थापकांपैकी एक, रॉबर्ट विल्सन या वृद्ध गृहस्थांच्या घरी त्या कन्येप्रमाणे राहिल्या. १८९२ च्या जानेवारीत त्यांना परदेशी सेवेचे पाचारण झाले. चीनला जाण्याचा विचार प्रकृतीच्या कारणाने राहिला. १८९३ साली त्या जपानला गेल्या, परंतु तेथेही प्रकृतीने दगा दिला. काही काळ सिलोनात काढून त्या परतल्या. बंगळुरात असलेल्या एका मैत्रिणीने पत्रातून तेथल्या आल्हाददायक हवेचे वर्णन केले होते. दुबळ्या शरीराला ती हवा मानवेल, या विचाराने इंग्लंडच्या मंडळीच्या झनाना मिशनने त्यांना तेथे पाठविले. ज्या स्त्रीला डॉक्टरांनी चीनसाठी अपात्र ठरविले, ती भारतात पंचावन्न वर्षे राहिली आणि एकदाही मायदेशी परतली नाही. डॉक्टरांच्या दाखल्यांना किती महत्त्व द्यावे, हे ज्याने त्याने ठरवावे.

बंगळूर त्या वेळी दोन शहरांचे मिळून एक होते. एकीकडे म्हैसूर संस्थानातील कन्नड भाषकांची जुनी पेठ, दुसरीकडे ब्रिटिश छावणी, जेथे तमिळ बोलणाऱ्यांची वस्ती मोठी. एमीबाई तमिळ शिकू लागल्या. भाषा कठीण वाटली, परंतु त्याहून कठीण वाटले ते छावणीतील मिशनरी जीवन. बंगले, चहापानाच्या बैठका, एकमेकांकडे जाणे-येणे आणि भारतीय माणसांशी येणारा संबंध मात्र वेळ नेमून. मिशनच्या शाळांत ख्रिस्तावर विश्वास नसलेले शिक्षक नेमलेले पाहून त्यांना नवल वाटले. त्यांनी तसे बोलूनही दाखविले, आणि नव्याने आलेल्या तरुणीचे असे बोलणे कोणाला रुचणार? मन उदास झाले की त्या तट्टावर बसून छावणीच्या रस्त्यांवरून भरधाव फेरी मारीत. तेथे त्या जेमतेम वर्षभर राहिल्या. डोंगरावर विश्रांतीसाठी गेल्या असता तिरुनेलवेलीकडे काम करणारे मिशनरी थॉमस वॉकर यांची ओळख झाली. तमिळ शिकावयाचे तर तमिळ माणसांत राहून शिकावे, हा त्यांचा सल्ला मानून १८९६ च्या डिसेंबरात एमीबाईंनी बंगळूर सोडले.

तिरुनेलवेलीत त्यांनी साडी नेसावयास आरंभ केला, आणि काही तमिळ ख्रिस्ती भगिनींना बरोबर घेऊन बैलगाडीने गावोगाव सुवार्ता सांगत त्या हिंडू लागल्या. पोन्नम्माळ नावाची तरुण विधवा या मंडळात होती, आणि पुढे डोनावूरच्या कामाचा अर्धा भार तिने उचलला. एमीबाईंविषयी लिहिताना इंग्रजी चरित्रकार कधीकधी पोन्नम्माळला सावलीत ठेवतात. तसे होऊ नये, असे मला वाटते.

डोनावूर हे गाव पश्चिम घाटाच्या पायथ्याशी, ताडांच्या बनांच्या प्रदेशात आहे. नाव ऐकून ते तमिळ वाटते, पण त्याचे मूळ जर्मन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऱ्हेनिअस या मिशनऱ्यांनी तेथे ख्रिस्ती वस्ती वसविली, तेव्हा प्रशियाच्या दोना नावाच्या सरदाराने चर्चसाठी पैसे दिले, म्हणून ते डोनावूर. १९०० साली वॉकरसाहेब धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी तेथे गेले, तेव्हा एमीबाईही गेल्या. मुक्काम तात्पुरता होता. राहावयास जुना, मातीच्या भिंतींचा बंगला. मुलांसाठी घर काढावे, असा विचारही कोणाच्या मनात नव्हता.

६ मार्च १९०१ रोजी प्रीना नावाची सात वर्षांची मुलगी त्यांच्याकडे येऊन पोहोचली. तिला देवळास वाहण्यात येणार होते. त्या घरातून ती एकदा पळाली होती, तेव्हा तिला परत नेऊन डागण्या देण्यात आल्या होत्या, आणि ती पुन्हा पळाली होती. तिच्या तोंडून एमीबाईंना जे समजले, त्याने त्यांच्या पुढील पन्नास वर्षांची दिशा बदलली.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. खंडोबाला वाहिलेल्या मुरळ्या जेजुरीला होत्या, सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या जोगतिणी बेळगाव, कोल्हापूर, सांगलीकडे होत्या. देवाशी लग्न लावलेल्या मुलीच्या वाट्याला पुढे बहुधा काय येई, हे आपल्याकडच्या समाजसुधारकांनी पूर्वीच सांगून ठेवले होते. मुंबई इलाख्यात १९३४ साली या चालीविरुद्ध कायदा झाला. मद्रास इलाख्यात डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी अनेक वर्षे झगडा दिला, आणि तेथे १९४७ साली कायदा झाला. कर्नाटकाचा कायदा १९८२ चा. एमीबाईंनी १९०१ मध्ये चौकशी सुरू केली तेव्हा यांपैकी काहीच नव्हते. अशी मुले आहेत हेच पुष्कळ मिशनरी मानावयास तयार नव्हते. त्यांनी लिहिलेले पुस्तक इंग्लंडात प्रसिद्ध झाले, तेव्हा ते फार काळेकुट्ट आहे, अशीही ओरड झाली.

मुले हळूहळू येऊ लागली. १९०४ च्या मार्चमध्ये देवळासाठी ठरलेले पहिले तान्हे मूल हाती आले, आणि त्या वर्षीच्या जूनपर्यंत सतरा मुले झाली. गावोगाव फिरून सुवार्ता सांगणे हे ज्यांचे पाचारण, त्यांच्या मांडीवर आता दुधासाठी रडणारी अर्भके होती. एमीबाईंच्या मनात यावरून मोठा झगडा झाला. आपण प्रचार सोडून पाळणे हलवीत बसावे काय? अखेरीस ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतले, या प्रसंगाने त्यांचे समाधान केले. ज्याने कमरेला रुमाल गुंडाळला, त्याच्या सेवकाने कोणते काम हलके मानावे? दौरे थांबले.

जुन्या मातीच्या बंगल्यात मुले मावेनात. तान्ह्या मुलांना आईच्या दुधावाचून वाढविणे त्या काळी फार जिकिरीचे होते. गावात डॉक्टर नव्हता. म्हणून काही काळ तान्ह्यांचे पाळणाघर त्रावणकोरातील नेय्यूर येथील मिशन रुग्णालयाजवळ ठेवावे लागले. पोन्नम्माळने ते चालविले. डोनावूरहून तेथे पोहोचावयास बैलगाडीने दीड दिवस लागे. तेथेही साथ आली आणि तान्ही लेकरे एकामागून एक दगावली. ही घरे, पुढे रुग्णालय, भिंतींच्या आतला तो सारा परिसर कशासाठी उभा राहिला, याचे उत्तर त्या लहान कबरींत आहे. बांधकामाचा हौस म्हणून विचार करावा, अशी स्थिती तेथे कधीच नव्हती.

येथे केडगावची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्याच सुमारास पंडिता रमाबाई केडगावच्या माळरानावर मुक्तिसदन उभारीत होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली, पुण्यातील प्लेगमुळे त्यांना शहराबाहेर हलविण्याची झालेली सक्ती, आरंभीचे तंबू आणि छपरे, मग विहिरी आणि पक्क्या इमारती. १९०० च्या दुष्काळानंतर तेथे जवळजवळ दोन हजार मुली व स्त्रिया होत्या. इतक्या जणींना एकदम डोक्यावर छप्पर द्यावयाचे, तर लांबलचक दालने बांधण्यावाचून गत्यंतर नव्हते. डोनावूरची गरज वेगळी होती. मुले एकेक करून येत होती, पुष्कळशी अंगावर पिण्याच्या वयाची, आणि त्यांना काही वर्षांचा आसरा द्यावयाचा नव्हता तर जन्मभराचे घर द्यावयाचे होते.

म्हणून एमीबाईंनी एक मोठे वसतिगृह बांधले नाही. त्यांनी लहान लहान घरे बांधली. तांबड्या कौलांची, तांबड्या फरशीची, एका घरात थोडी मुले आणि त्यांच्यावर आईसारखी देखरेख करणारी एक मोठी बहीण. तमिळमध्ये तिला अक्का म्हणत, सेवेतील पुरुषांना अण्णाच्ची म्हणत आणि एमीबाईंना सर्वजण अम्मा म्हणत. मुलगी वाढली की तीच पुढे दुसऱ्या घराची अक्का होई. आपल्या मराठी मंडळ्यांतील पुष्कळांचे आईवडील मिशनच्या बोर्डिंगात वाढले. एक लांब खोली, भिंतीशी ओळीने मांडलेल्या पत्र्याच्या पेट्या, घंटेवर उठणे आणि घंटेवर जेवणे. त्या बोर्डिंगांनी आपल्याला शिक्षण दिले, याबद्दल कृतज्ञता हवीच. परंतु सुट्टीत आपल्या गावी, आपल्या आईकडे परत जाणाऱ्या मुलासाठी जे चालते, ते ज्याला परत जावयास कोणी नाही अशा मुलासाठी चालत नाही. हा भेद एमीबाईंनी विटाचुन्यात उतरविला. त्यांच्या सर्व लेखनापेक्षा मला त्यांची ही घरे अधिक बोलकी वाटतात.

बांधकामावर देखरेख करणे म्हणजे काय, हे ज्यांनी घर बांधले आहे त्यांना सांगावयास नको. गवंडी, सुतार, बिगारी, वेळेवर न येणारा चुना, वाळवी, आणि पावसाळा तोंडावर आला असता उघडे पडलेले छप्पर. त्यात परकी भाषा, परका देश आणि अंगात वरचेवर ताप. प्रत्येक घराची सुरुवात प्रार्थनेने होई. पैसे आले तर ते काम देवाला हवे आहे, न आले तर थांबावयाचे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्यांनी कोणाकडेही मदतीची मागणी केली नाही. मदत करा असे न म्हणता केवळ घडलेल्या गोष्टी पुस्तकांतून लिहिल्या. पुस्तके वाचून लोक मदत पाठवीत, हे खरे. मग ही न मागता केलेली मागणीच नव्हे काय, असे कोणी विचारील. तसे म्हणता येईल. पण पैसे आले नाहीत म्हणून काम थांबविण्याची त्यांची तयारी होती, आणि ती तयारी असलेली संस्था विरळा.

१९१२ साली वॉकरसाहेब वारले, आणि १९१५ साली पोन्नम्माळ. दोन्ही खांब गेले. १९१३ पर्यंत मुलांची संख्या एकशे चाळीसच्या आसपास गेली होती. काही मुलींचे प्रकरण न्यायालयात गेले, नातेवाइकांनी ताबा मागितला, आणि अपहरणाच्या आरोपाखाली तुरुंगात जाण्याची पाळी येऊ शकते, याची एमीबाईंना जाणीव होती. सरकारी कायदा आणि मुलीचे रक्षण यांत विरोध आला, तेव्हा त्यांनी मुलीची बाजू घेतली. याविषयी ख्रिस्ती माणसांतही एकमत होणार नाही. मिशनरी मंडळींतही त्यांना विरोध होता, आणि या बाई भारतातून गेल्या तर बरे, असे मानणारा एक गट होता. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक जाहीर केले, तेव्हा ते घेणे त्यांना जिवावर आले, आणि त्या समारंभास गेल्या नाहीत.

१९१७ साली त्यांनी गावामागील डोंगरात जंगलाचा एक तुकडा विकत घेतला. उन्हाळ्यात मैदानावरील उष्मा लहान मुलांना सोसत नसे, आणि थंड हवेच्या ठिकाणी मुलांसह जाऊन राहणे परवडण्यासारखे नव्हते. झऱ्याकाठच्या त्या जागेत घर उभे राहिले. पोहावयास पाण्याचा डोह होता. ज्या मुलांचे बालपण विकले जाणार होते, ती तेथे पाण्यात डुंबत.

१९१८ च्या जानेवारीत पहिला मुलगा आला. मुलगेही देवळांसाठी आणि नाटक मंडळ्यांसाठी घेतले जात, हे एमीबाईंना पूर्वीच कळले होते, परंतु मुलांकडे पाहावयास पुरुष सेवक नव्हते. तरीही त्यांनी आलेल्याला परतविले नाही. मुलग्यांची घरे वेगळ्या आवारात बांधली गेली. पुरुष सेवकांसाठी त्यांना पुष्कळ वर्षे थांबावे लागले. १९२६ च्या सुमारास वेब-पेप्लो हे दोघे बंधू येऊन मिळाले. त्यांतील मरे हे डॉक्टर होते, आणि गॉडफ्री यांनी मुलग्यांचा भार घेतला. १९२७ साली संस्था स्वतंत्रपणे नोंदली गेली आणि डोनावूर फेलोशिप हे नाव रूढ झाले.

याच वर्षीची एक गोष्ट बांधकामाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. रुग्णालयाची गरज सर्वांना दिसत होती. त्यासाठी प्रार्थना चालू होती. डॉक्टर होते, रोगी होते, जागा मात्र नव्हती. अशा वेळी एमीबाईंना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे वाटू लागले की आधी प्रार्थनामंदिर बांधावे. व्यवहारी माणसाला हे उलटे वाटेल. आजारी माणूस व्हरांड्यात पडलेला असता घंटेच्या मनोऱ्यावर पैसे खर्चावेत काय? तरी त्यांनी तसे ठरविले, आणि ठरविल्यावर त्यासाठी पैसे येऊ लागले. १९२७ मध्ये दक्षिण भारतीय धाटणीचे ते मंदिर पुरे झाले. रुग्णालय त्यानंतर उभे राहिले. मी स्वतः त्या सभेत असतो तर बहुधा रुग्णालयाच्या बाजूने बोललो असतो. पण इतके मात्र दिसते की, मंदिर आधी बांधल्यामुळे रुग्णालय मागे पडले नाही.

रुग्णालय, घरे, गोठे, शेते, विहिरी यांचा पसारा पाहून इंग्लंडातील काही हितचिंतकांनी नाराजी कळविली. आम्ही सुवार्तेसाठी पैसे देतो, विटांसाठी नव्हे, असा त्यांचा सूर होता. एमीबाईंनी त्याला जे उत्तर दिले त्याचा आशय असा की, आत्मे हे शरीरांना जोडलेलेच भेटतात, त्यांना उपटून वेगळे काढता येत नाही, म्हणून दोघांनाही एकत्रच सांभाळावे लागते. १९०४ साली स्वतःच्या मनात जो झगडा झाला होता, त्याचेच हे उत्तर होते. फरक इतकाच की या वेळी त्यांना उत्तर शोधावे लागले नाही.

त्यांच्या कारभाराचे दोष झाकण्याचे कारण नाही. शिस्त कडक होती. भिंतींच्या आतील जग इतके पूर्ण होते की, बाहेरच्या जगात पाऊल टाकताना काही मुलांना फार जड गेले. अम्मांचा शब्द शेवटचा असे, आणि ज्यांना तो पटला नाही ते सहकारी निघून गेले. पगार कोणालाच नव्हता, युरोपियनांनाही नाही. परदेशी आणि भारतीय सेवक एकाच पंगतीस आणि एकाच प्रकारच्या पोशाखात राहत. १९२० च्या दशकात मिशनच्या बंगल्यांत हे दृश्य सहज दिसत नसे. बंगळूरच्या छावणीत जे त्यांना खटकले होते, त्याचा शेवट त्यांनी निदान आपल्या आवारात तरी केला.

२४ ऑक्टोबर १९३१. डोनावूरपासून काही मैलांवरील कळक्काड या गावी दवाखान्यासाठी एक घर भाड्याने घेतले होते. त्याची डागडुजी चालली होती. त्या दिवशी सकाळी एमीबाईंनी अशी प्रार्थना केली होती की, आपल्या हातून अधिक चांगली सेवा घडावी यासाठी देवाला जे करावयाचे असेल ते त्याने करावे. दुपारनंतर काम पाहावयास त्या कळक्काडला गेल्या. किल्ली मिळण्यास उशीर झाला. आत शिरल्या तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. शौचकूपासाठी मजुरांनी खड्डा खणला होता, परंतु जेथे खणावयाचा तेथे न खणता भलत्याच जागी. अंधुक उजेडात तो दिसला नाही, आणि एमीबाई त्यात पडल्या. पाय मोडला, घोटा निखळला, पाठीच्या कण्यालाही दुखापत झाली. लॉरीतून त्यांना नेय्यूरच्या रुग्णालयात नेण्यात आले. चाळीसहून अधिक मैलांचा तो खडबडीत रस्ता होता. ज्या नेय्यूरला त्यांनी एकेकाळी आपली तान्ही लेकरे पाठविली होती, तेथेच आता त्या स्वतः रोगी म्हणून पोहोचल्या.

आरंभी सर्वांना वाटले की काही आठवड्यांत त्या चालू लागतील. तसे झाले नाही. चौसष्टाव्या वर्षाला टेकलेल्या एमीबाई त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे आपल्या खोलीतच राहिल्या. वेदना कधी पूर्णपणे गेल्या नाहीत, रात्री झोप लागत नसे. तीस वर्षे ज्यांनी प्रत्येक घराचा पाया स्वतः उभे राहून पाहिला, त्यांना आता नवे बांधकाम कसे चालले आहे हे दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावे लागे. त्यांनी तो खड्डा खणणाऱ्या मजुरांना दोष दिल्याचे कोठे आढळत नाही. मुले वाढदिवशी त्यांच्या खोलीत येत. शेकडो मुलांना त्या नावाने ओळखत आणि चिठ्ठ्या लिहीत. अंथरुणावरून त्यांनी आणखी तेरा पुस्तके लिहिली, आणि त्यांतली पुष्कळ आजारी माणसांसाठी आहेत. स्वतः धडधाकट असलेल्या लेखकाने आजाऱ्याला केलेला उपदेश त्यांना पूर्वीपासून आवडत नसे. आता तशी शंका घ्यावयास जागा उरली नाही.

कारभार त्यांनी हळूहळू इतरांकडे सोपविला. गॉडफ्री वेब-पेप्लो त्यांच्या मागून संस्थेची जबाबदारी घेतील असे ठरत आले होते, परंतु तेही त्यांच्या आधी वारले. १९४८ साली त्या खोलीतच पुन्हा पडल्या, आणि त्यानंतर अंथरुणावरून उठणेही बंद झाले. १८ जानेवारी १९५१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, डोनावूर येथे त्यांना देवाज्ञा झाली.

आपल्या कबरीवर दगड बसवू नये, असे त्यांनी सांगून ठेवले होते. आवारातील झाडांखाली, जेथे पूर्वी गेलेली लेकरे आणि सहकारी निजले आहेत, तेथेच त्यांना पुरण्यात आले. मुलांनी त्या जागी पक्ष्यांना पाणी पिण्यासाठी एक दगडी पात्र बसविले, आणि त्यावर अम्माई एवढाच एक शब्द कोरला. संस्था आज भारतीय सेवकांच्या हाती आहे. मुलग्यांची घरे चालविण्याचे काम १९८० च्या दशकात थांबले. तांबड्या कौलांची पुष्कळ घरे अजून उभी आहेत, आणि डोनावूरला आता एक शाळा आहे, जिच्यात देशाच्या निरनिराळ्या भागांत सेवा करणाऱ्या भारतीय मिशनऱ्यांची मुले राहून शिकतात.